टकवेलची पाणंद

विचारल्याशिवाय एनिड पोकॉकनं आयुष्यात कुणाच्या खुर्चीवर बूड टेकवलं नाही. दवाखान्यात रिकाम्या खुर्च्यांची रांग असली तरी ती शेजारच्या माणसाला म्हणणार, "इथं कुणी बसलेलं नाही ना? मी बसू?" बसमध्ये तेच, चर्चमध्ये तेच, इतकंच काय, सख्ख्या बहिणीच्या घरी सोफ्यावर बसतानाही तेच. विंटरकूमची माणसं तशी सगळीच सभ्य. एकमेकांच्या पायावर पाय पडला तर ज्याचा चेंगरला तोच आधी माफी मागणार, असली ही मंडळी. पण त्यांच्यातही एनिड म्हणजे कळस. तिचा नवरा बर्नार्ड म्हणायचा, "ही मेल्यावर स्वर्गाच्या दारात उभी राहील आणि विचारत बसेल, माझ्यामुळे कुणाची अडचण तर होणार नाही ना? तोवर दार बंद झालेलं असेल."

दार बंद झालं खरं, पण स्वर्गाचं नव्हे. आणि ज्याच्या तोंडावर ते बंद झालं तो बर्नार्डच होता बिचारा.

विंटरकूमच्या डोक्यावरून रिजवेची वाट जाते. डोंगरमाथ्या-माथ्यानं सत्त्याऐंशी मैल. डोंगर सगळा खडूचा. वरची वीतभर माती खरवडली की खाली पांढरंफटक. पाऊस होऊन गेला की वाटेतल्या चाकोऱ्यांत दुधी पाणी साचतं आणि चालणाऱ्यांच्या विजारी गुडघ्यापर्यंत फळ्याजवळच्या मास्तरासारख्या होतात. लिहिता-वाचता येण्याआधीपासून माणसं या माथ्यावरून मेंढ्या हाकत गेली. त्यांची गवत उगवलेली थडगी अजून वाटेच्या कडेला आहेत, आणि त्यांच्यावर बसून लोक चीजचे सँडविच खातात. थडग्यातल्यांची काही तक्रार नाही.

अशाच एका थडग्याजवळ बर्नार्डला एनिड भेटली. तो गावचा पोस्टमन. आठवड्याचे सहा दिवस लोकांची पत्रं घेऊन तंगडतोड करायची आणि सातव्या दिवशी हौसेनं चालायला डोंगरावर जायचं. त्याची आई कपाळाला हात लावायची, "रविवारी तरी घरी टेक की रे माणसा!" एनिड तेव्हा शाळेच्या स्वयंपाकघरात नुकतीच लागली होती. बर्नार्ड गारगोटीच्या एका मोठ्या धोंड्यापाशी डबा सोडून बसला होता. ही समोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "हा धोंडा तुमचा आहे का? मी पलीकडच्या टोकाला बसले तर चालेल?"

"धोंडा माझा नाही," बर्नार्ड म्हणाला, "पण तुम्ही बसणार असाल तर आत्ता विकत घेतो."

झालं. पुढच्या वसंतात लग्न. मूल झालं नाही. दोन-तीन डॉक्टर झाले, एकदा लंडनलाही जाऊन आले, मग एके दिवशी दोघांनी तो विषय कपाटात ठेवून दिला आणि चालायला लागले. दर वर्षी मे महिन्यात अख्खा रिजवे, या टोकापासून त्या टोकापर्यंत, सात दिवसांत. एकतीस वर्षं. नकाशा बर्नार्डच्या गळ्यात, पण उघडला कधीच नाही. फ्लास्क आणि मनुक्यांचा केक एनिडच्या पाठीवर. शेवटची टेकडी चढून वर गेले की वारा कानात शिरायचा, खालची शेतं दूरवर पसरलेली दिसायची आणि बर्नार्ड म्हणायचा, "चला, यंदाचंही संपलं." त्याच्या आवाजात इतकं वाईट वाटलेलं असायचं की एनिडला हसू यायचं. "अरे, पुढच्या वर्षी आहे की!"

गावातून माथ्यावर जायला तीन रस्ते. एक डांबरी, अंगावर येणारा चढ, बाजूला पाय ठेवायला जागा नाही आणि मालट्रक वाऱ्यासारखे. दुसरी पायऱ्यांची वाट, दोनशे अकरा पायऱ्या आणि मध्ये तीन ठिकाणी कुंपण ओलांडायच्या लाकडी शिड्या. तिसरी टकवेलची पाणंद. दोन्ही बाजूंनी काटेरी झुडपं, मधून बैलगाडी जाईल एवढी रुंद वाट, आणि चढ असा मवाळ की बोलता बोलता माणूस वर पोचतो. सगळा गाव तिथूनच जायचा. बायका बाबागाड्या ढकलत जायच्या, म्हातारे कुत्री घेऊन जायचे. ही पाणंद सिरिल टकवेल नावाच्या शेतकऱ्याच्या जमिनीतून जाते हे कुणाच्या ध्यानातही नसायचं.

एनिडच्या होतं. गावच्या चालणाऱ्या मंडळाची ती चिटणीस. पंचवीस मार्चला शेतीचं जुनं वर्ष सुरू होतं, कुळं आणि मालक त्या दिवशी एकमेकांशी बोलून घेतात, असं तिची आई सांगायची. तेव्हा दर वर्षी पंचवीस मार्चला एनिड जानेवारीत केलेल्या कडू संत्र्यांच्या मुरंब्याची एक बाटली घेऊन टकवेलच्या मागच्या दारी जायची. झाकणावर कापडाची टोपी, टोपीला दोरा.

"मिस्टर टकवेल, यंदाही आम्ही गावकऱ्यांनी तुमच्या पाणंदीतून वर गेलेलं चालेल ना?"

म्हातारा दारात चिखलाच्या बुटांत उभा. "गेल्या वर्षी चाललं होतं?"

"हो."

"मग यंदा का नाही चालणार?"

बाटली आत, दार बंद. एकतीस वर्षं हेच शब्द. ती त्याला कधी सिरिल म्हणाली नाही, तो तिला कधी एनिड म्हणाला नाही.

बर्नार्ड वैतागायचा. "राणीच्या माजघरातून जायचंय का आपल्याला? हजार वर्षं लोक जातायत त्या वाटेनं. त्यांनी काय मुरंबे वाटले होते?"

"विचारायला काय पैसे पडतात?" एनिड म्हणायची.

"पैसे नाही पडत. बाटली पडते. आणि ती माझ्या टोस्टवरची."

मग पाच वर्षांपूर्वी एका सकाळी बर्नार्ड न्हाणीघरात पडला. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, आणि बोलणं असं झालं की एकेक शब्द विहिरीतून ओढून काढावा लागावा. पावसापाण्यात कधी छत्री न वापरलेला माणूस खुर्चीत बसून खिडकीतून डोंगराकडे बघत राहिला. खायचा नाही, टीव्ही लावू द्यायचा नाही. एनिड समोर आली की मान बाजूला करायचा, कारण ती डोंगराच्या आड यायची.

शेवटी बॅटरीवर चालणारी गाडी आली, एका हातानं चालवायची. एनिडनं त्याला गुंडाळून तिच्यावर बसवलं आणि पाणंदीच्या तोंडाशी नेलं. तिथं अडलं. पाणंदीच्या फाटकाशेजारी माणसांसाठी जी फट होती तिच्यात मधोमध एक ओकचा खांब. माणूस अंग चोरून जाईल, बाबागाडी उचलून नेता येईल, ही जड गाडी जाणार नाही. बर्नार्ड त्या खांबाकडे बघून रडला. लग्नानंतर एनिडनं त्याला रडताना पहिल्यांदा पाहिलं आणि तिला काय करावं ते कळेना, म्हणून तिनं त्याच्या मफलरची गाठ सोडून पुन्हा बांधली.

दुसऱ्या रविवारी खांब नव्हता. ब्याऐंशी वर्षांच्या टकवेलनं एकट्यानं, पहार घेऊन, तो मुळापासून उपटला होता. खड्डा बुजवून वर खडूची खडी ठोकून बसवली होती, गाडीचं चाक अडकू नये म्हणून. एनिड आभार मानायला गेली तर म्हातारा म्हणाला, "खांब कुजला होता तो." कुंपणाशी पडलेला खांब तिनं येता येता पाहिला होता. पुढची शंभर वर्षं कुजला नसता.

त्यानंतर दोन वर्षं, ऊन असो, धुकं असो, दर रविवारी बर्नार्ड वर गेला. गाडी घुईं करत पुढे, एनिड मागे. माथ्यावर पोचलं की डावीकडे दीड मैल त्या थडग्यापर्यंत, फ्लास्कमधला चहा, चंडोलांची बडबड, आणि परत. तेवढ्यावर तो पुढचा आठवडा काढायचा. येणारे-जाणारे पाठपिशव्यावाले थांबले की विचारायचा, "कुठून... निघालात?" आणि ते सांगतील ते गाव त्याच्या तोंडपाठ असायचं. बोटानं दाखवायचा, पुढे पाणी कुठं मिळेल, चिखल कुठं आहे. त्या दीड मैलात तो आजारी नसायचा.

टकवेल मेला. कॅनडातल्या पुतणीनं शेत विकलं. नवे मालक लंडनचे. ते स्वतः कुणाला दिसले नाहीत, त्यांचं कार्यालय तेवढं दिसायचं. पहिल्याच महिन्यात पाणंदीला नवं लोखंडी फाटक, त्याला आकड्यांचं कुलूप, शेजारी एक चिंचोळं दार, त्यालाही कुलूप, आणि पाटी: खासगी. प्रवेश नाही.

डांबरी रस्त्यानं बर्नार्डला नेणं म्हणजे ट्रकखाली घालणं. मोटारीनं न्यायचं तर त्याची गाडी कुणाच्या मोटारीत मावेना. शाळेचे निवृत्त भूगोल मास्तर डेस्मंड यांनी एकदा त्याला आपल्या मोटारीतून माथ्यावरच्या वाहनतळापर्यंत नेलं. तिथं बर्नार्ड काचेआड बसून लोकांची कुत्री उतरताना बघत राहिला. दहा मिनिटांनी म्हणाला, "घरी... चल." पुन्हा नाव काढलं नाही.

डेस्मंड मात्र पेटले. भूगोलाचा माणूस, आणि त्यातून रिकामा! महिनाभर त्यांनी कायद्याची पुस्तकं चाळली आणि गावाला सभागृहात जमवलं. "ऐका! वीस वर्षं लोक एखाद्या वाटेनं राजरोस जात राहिले, कुंपण न मोडता, न लपता, आणि मालकाची परवानगी न घेता, तर ती वाट लोकांची होते. कायमची. मालकाचा बाप आला तरी बंद करू शकत नाही. आपण तर शंभर वर्षं जातोय. फक्त फॉर्म भरा."

चोपन्न फॉर्म आले. एनिडचा सगळ्यांत जाड होता. 'आपण कधी परवानगी मागितली होती काय?' या प्रश्नाला जागा पुरली नाही म्हणून तिनं वेगळा कागद जोडला होता. सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं की आमचं गाव चोरासारखं कुणाच्या जमिनीत शिरलेलं नाही, मंडळाची चिटणीस या नात्यानं मी सर्व गावातर्फे दर पंचवीस मार्चला मिस्टर टकवेल यांना विचारत आले, आणि एकतीस वर्षांत ते एकदाही नाही म्हणाले नाहीत. खाली मुरंब्याचाही उल्लेख होता.

डेस्मंड तो कागद हातात घेऊन धावत आले. घरात शिरल्यावर त्यांना आधी पाणी द्यावं लागलं.

"एनिड, हे काय लिहून ठेवलंयस तू?"

"का? शुद्धलेखन चुकलं का?"

"अगं बाई, परवानगी घेतली असेल तर वाट आपली होत नाही! तो मालकाचा मेहेरबानीचा व्यवहार होतो. आज दिली, उद्या काढून घेतली. आणि तू तर अख्ख्या गावाच्या वतीनं मागितलीस!"

एनिडला कळायला वेळ लागला. "म्हणजे आम्ही न विचारता घुसलो असतो तर बरं झालं असतं?"

"होय."

"आणि विचारलं म्हणून..."

"होय, एनिड, होय! गावात एक जरी उद्धट बाई चिटणीस असती ना, तर आज आपण जिंकलो असतो!" मग त्यांना स्वतःचीच लाज वाटली. त्यांनी आवाज खाली आणला. "हे कुणाला ठाऊक आहे?"

"बर्नार्डला. आणि मिस्टर टकवेलना."

"म्हणजे कुणालाच नाही." त्यांनी तो जोडकागद घडी करून टेबलावर ठेवला. "मी हा पाहिला नाही. फॉर्ममध्ये जागा कोरी सोड. सुनावणीत कुणी विचारलंच, तर... आठवत नाही म्हण. तुझ्या वयाला शोभेल ते."

ते गेल्यावर एनिड बर्नार्डच्या खुर्चीसमोर स्टूल ओढून बसली. त्यानं सगळं ऐकलं होतं.

"काय करू रे?"

तो खिडकीबाहेर बघत होता. ओठ हलत होते. "मला..." तो म्हणाला, आणि थांबला, आणि पुन्हा ओढलं, "मला वर... जायचंय, एनिड."

"मग खोटं बोलू?"

त्यानं डावा हात तिच्या गुडघ्यावर ठेवला आणि तसाच ठेवून झोपी गेला. एनिडनं संध्याकाळी आरशासमोर उभं राहून सराव केला. "नाही. मला आठवत नाही." तीन वेळा म्हणाली. चौथ्या वेळी आरशातल्या बाईनं खाली बघितलं.

सुनावणी गावच्या सभागृहातच होती, जमिनीवर बॅडमिंटनच्या रेघा आणि कोपऱ्यात चहाचं मोठं भांडं. सरकारनं पाठवलेल्या अधिकारी बाई सकाळीच पाणंद बघून आल्या होत्या, त्यांच्या बुटांना खडू लागलेला होता. ते बूट पाहून एनिडला उगाच आशा वाटली. चालणारी बाई आहे, समजून घेईल. बर्नार्ड मागच्या रांगेशेजारी गाडीवर, एनिडनं बांधून दिलेल्या टायमध्ये.

तिचं नाव पुकारलं. ती पुढे गेली. खुर्ची रिकामी होती, तिच्यासाठीच मांडलेली होती. तरी ती म्हणाली, "मी बसू?"

सभागृहात हशा पिकला. मालकांचा वकील तरुण होता, चांगल्या घरचा, आवाज मऊ. तोही हसला. त्यानं स्वतः उठून तिच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला. कुठून किती वर्षं जायचात, कुणी अडवलं का, लपून जायचात का, सगळं विचारून झालं. एनिड नीट उत्तरं देत होती. डेस्मंड मान डोलावत होते. वकिलानं कागद आवरले, खाली बसता बसता सहज थांबला.

"मिसेस पोकॉक, तुम्ही मघाशी खुर्चीत बसायचं विचारलंत. नेहमीच असं विचारता?"

"हो," एनिड म्हणाली. "विचारायला काय पैसे पडतात?"

पुन्हा हसू. वकील हसला नाही. "मग पाणंदीतून जायचं कधी मिस्टर टकवेलना विचारलं होतंत?"

बाहेर कुणीतरी गवत कापायचं यंत्र चालवत होतं, ते ऐकू यायला लागलं. डेस्मंडनी डोळे मिटून घेतले. एनिडनं पेला उचलला, खाली ठेवला. मागे बर्नार्ड होता. त्याचा चेहरा इतक्या लांबून स्पष्ट दिसत नव्हता, नुसता टाय दिसत होता.

"मला आठव..." ती म्हणाली.

आणि तिला तो म्हातारा आठवला. चिखलाच्या बुटांत दारात उभा राहणारा. नाही म्हटलं की तो एकतीस वर्षांचा होकार पुसला जाणार. ब्याऐंशीव्या वर्षी पहारीनं खांब उपटणारा माणूस कागदावर असा होणार की ज्याला आपल्या जमिनीतून कोण जातंय याची शुद्धच नव्हती. बर्नार्डसाठी ज्यानं केलं, त्याच्याबद्दल बर्नार्डसाठीच खोटं बोलायचं? देवा, असला कसला हा कायदा! सभ्य माणसांना शिक्षा करणारा!

"आठवतं," ती म्हणाली. "दर वर्षी विचारलं. पंचवीस मार्चला. सगळ्या गावातर्फे. आणि ते दर वर्षी हो म्हणाले."

"अरे देवा," मागून कुणी बाई पुटपुटली. वकिलानं "आभारी आहे, मिसेस पोकॉक" म्हटलं, आणि त्या पोराला खरंच वाईट वाटलं असावं, कारण त्यानं तिच्याकडे पुन्हा पाहिलं नाही. एनिड उठली. परत जाताना तिनं बर्नार्डकडे बघायचं धाडस केलं. तो तिच्याकडेच बघत होता. रागावलेला नव्हता. रागावला असता तर बरं झालं असतं.

निकाल काय लागणार ते शेंबड्या पोरालाही कळलं होतं. तीन महिन्यांनी कागद आला: वापर परवानगीनं होता, म्हणून वाट सार्वजनिक ठरत नाही.

गाव एनिडला एक शब्दही वाकडा बोललं नाही. तेच तर! कुणी तोंडावर शिव्या दिल्या असत्या तर तिनं उत्तर दिलं असतं, रडली असती, मोकळी झाली असती. पण दुकानात गेली की "हवा छान आहे नाही, एनिड?" आणि पाठ वळली की गप्प. बाबागाडीवाल्या बायका तिला बघून रस्ता ओलांडायच्या, तोही हसून, हात हलवून. चर्चच्या जत्रेत तिच्या मुरंब्याच्या बारा बाटल्या मांडल्या होत्या. अकरा परत आल्या. बारावी डेस्मंडनी घेतली, आणि इतकं गोड बोलून घेतली की एनिडला ती त्यांच्या डोक्यात घालावीशी वाटली.

मग मालकांच्या कार्यालयातून पत्र आलं. जाड कागद. आपण दीर्घकाळ दाखवलेल्या सौजन्याची कदर करून, मिसेस पोकॉक, आपणास व्यक्तिशः पाणंदीतून जाण्याची परवानगी देण्यास आम्हांस आनंद वाटतो. सोबत चिंचोळ्या दाराच्या कुलपाचे आकडे. पायी. फक्त पायी.

एनिडनं पत्र वाचून दाखवलं. ती ते फाडणार तेवढ्यात बर्नार्डनं डावा हात वर केला.

"वि...चार," तो म्हणाला.

"काय?"

"गाडीचं. विचार... त्यांना." आणि त्याचं तोंड वाकडं झालं, त्याला हसायचं होतं. "काय... पैसे... पडतात?"

तिनं विचारलं. पंचवीस मार्चलाच गेली, बाटली घेऊन, झाकणाला नवं कापड बांधून. टकवेलच्या मागच्या दाराशी आता काचेचं कार्यालय होतं. तिथल्या मुलीनं बाटली दोन्ही हातांनी घेतली, "किती गोड!" म्हणाली, अर्ज लिहून घेतला. रविवारी तासभर, एक गाडी, ताशी पाच मैलांपेक्षा कमी वेग, चिखलात नेणार नाही. एनिडनं शेवटी लिहिलं, माझे पती पोस्टमन होते आणि त्यांनी या शेतावर चौतीस वर्षं पत्रं पोचवली.

उत्तर आठ दिवसांत आलं. विम्याच्या अटींमुळे चाकांच्या वाहनास, कितीही लहान असले तरी, परवानगी देता येत नाही याचा खेद वाटतो. आपण समजून घ्याल अशी खात्री आहे. आणि सोबत खोक्यात, भुसा घालून, मुरंब्याची बाटली. कार्यालयाच्या नियमांनुसार भेटवस्तू स्वीकारता येत नाही.

मे आला. त्यांचा महिना. माथ्यावर पाठपिशव्यांचे रंगीत ठिपके हलताना खिडकीतून दिसू लागले. बर्नार्डनं आठवडाभर एकच धोशा लावला. "तू... जा." जेवताना, कपडे बदलताना. "आकडे... आहेत. जा. धोंड्यापर्यंत." ती म्हणायची, "तुझ्याशिवाय काय करू तिथं? चंडोलांशी बोलू?" तो म्हणायचा, "जा. मला... सांग. येऊन." इतका लागला होता मागे की एनिडला वाटलं, आपण जाऊन आल्यानंच याला बरं वाटणार असेल तर जावं.

रविवारी तिनं बूट घातले. फ्लास्क भरला. तो म्हणाला, दारापर्यंत मी येतो. गाडी घुईं करत पुढे, ती मागे, नेहमीसारखी. लोखंडी फाटकापाशी गाडी थांबली. पूर्वी जिथं खांब होता त्या जागी टकवेलनं ठोकलेली खडी अजून शाबूत होती, तिच्यावर नव्या चिंचोळ्या दाराची चौकट बसवली होती. एनिडनं आकडे फिरवले. कुलूप उघडलं. पलीकडे पाणंद पांढरी, चढत गेलेली, दोन्हीकडे काट्यांच्या झुडपांना फुलं आलेली. तिनं दाराला हात लावला आणि हात तसाच राहिला. जन्माची सवय. ती मागे वळली.

"बर्नार्ड, मी जाऊ?"

तो वर बघत होता, माथ्याकडे. मग त्यानं तिच्याकडे बघितलं. तोंड उघडलं, आठवडाभर घोकलेला शब्द त्याच्या जिभेवर होता, तिला दिसत होता. तो आलाच नाही.

"नको," तो म्हणाला.

एनिडनं दारावरचा हात काढला.

"नको... जाऊस. एकटी." डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पुसायला हात गाडीच्या दांड्यावरून सुटत नव्हता. "विचारलंस... म्हणून सांगितलं."

"बरं," एनिड म्हणाली. तिनं दार लोटून घेतलं, कुलूप लावलं, आकडे विस्कटून टाकले. मग त्याच्याजवळ येऊन त्याच्या मफलरची गाठ सोडली आणि पुन्हा बांधली, हळू, कारण तिला काही दिसत नव्हतं. "विचारायला काय पैसे पडतात," ती म्हणाली, आणि फ्लास्क उघडून फाटकाच्या अलीकडेच, गवतावर, त्याच्या पायाशी बसली. तेवढं मात्र तिनं कुणाला विचारलं नाही.